मनमोहन सिंग : कधीही मत न दिलेल्या घरातून आभार

ओसरी | २८ डिसेंबर २०२४, रात्री ९:४०

आज निगमबोध घाटावर अंत्यसंस्कार झाले. सरकारी दुखवटा १ जानेवारीपर्यंत आहे. तेवढ्यात लिहून टाकते, नाहीतर नव्या वर्षाच्या गडबडीत राहून जाईल.

आधीच सांगते, आमच्या घरातून त्यांच्या पक्षाला कधी मत गेलेलं नाही. बाबा पणती या निशाणीच्या काळापासूनचे जनसंघवाले. आईचं मत बाबांच्या मतामागे. भाऊ तर २०१४ ला बूथवर बसला होता. तेव्हा हा कार्यकर्त्याचा शोकसंदेश नाही. तरी गुरुवारी रात्री एम्समधून बातमी आली तेव्हा आई टीव्हीसमोरून उठेना. म्हणाली, "गेला गं. माझी पेन्शन त्याच्यामुळं सुटली होती."

ही पेन्शनची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. बाबा एका सरकारी खात्यात होते. २००७ मध्ये गेले. सेवापुस्तकातल्या एका जुन्या नोंदीवर सही नव्हती आणि त्या सहीपायी आईची कुटुंब निवृत्तिवेतनाची फाइल अडकली. आई दर सोमवारी जायची. साहेब दौऱ्यावर आहेत, फाइल वर गेलीय, ऑडिट चालू आहे, पुढच्या आठवड्यात या. पिशवीत पाण्याची बाटली, मृत्यूदाखल्याच्या झेरॉक्स आणि बाबांचा फोटो. फोटो कशाला नेतेस विचारलं तर म्हणायची, कुणाला खोटं वाटायला नको.

मग गल्लीतल्या एका निवृत्त तलाठीकाकांनी माहिती अधिकाराच्या अर्जाचं 'जोडपत्र अ' भरून दिलं. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आत तक्रार नाही, विनवणी नाही, फक्त प्रश्न: फाइल कोणत्या तारखेला कुणाच्या टेबलावर आली, तिथे किती दिवस होती, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा काय. लेखी उत्तर काही आलं नाही. ३० दिवसांची मुदत संपायच्या आत शिपाई घरी आला. "बाई, काम झालंय, तेवढा अर्ज मागं घ्या."

हा कायदा एकट्या मनमोहन सिंगांचा नव्हे, ठाऊक आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनावण्या घेतल्या, आपल्याकडे अण्णा हजाऱ्यांनी उपोषणं केली, महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ चा. केंद्रानेही २००२ मध्ये एक कायदा केला होता, पण तो कधी लागूच झाला नाही. जो लागू झाला, तो यांच्या सरकारचा, १२ ऑक्टोबर २००५ पासून.

घरचं माणूस गेल्यासारखं वाटतंय असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. ९२ वर्षांचे होते, व्हीलचेअरवर होते, एप्रिलमध्ये राज्यसभेतूनही निवृत्त झाले. मला लागलं ते वेगळंच. आमच्या घरात दर महिन्याला जे पैसे येतात त्यांच्यामागे या माणसाचाही हात होता, आणि त्यांना ते कळायचा काही मार्गच नव्हता. योजनेवर फोटो नाही, पत्रावर नाव नाही. आईने आभार मानायचे तरी कुणाचे? शिपायाचे?

तुमच्या घरात त्यांच्या काळातलं काय पोचलं ते लिहा. काहीच पोचलं नसेल तर तेही लिहा. पक्षीय मारामारीला दुसरे धागे भरपूर आहेत.

---

टर्नर_फिटर | २८ डिसेंबर, रात्री १०:१५

ताई, छान लिहिलंत. काकूंना नमस्कार सांगा.

मी नाशिकला अंबडमध्ये एक छोटं वर्कशॉप चालवतो. आमच्या धंद्यात त्यांच्याबद्दल एका तोंडाने बोलता येत नाही. १९९१ च्या जुलैत १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत रुपया उतरवला. लेथवर धातू कापायला आयात कार्बाइड टिप वापरणाऱ्याच्या पोटात गोळा आला. मग २४ जुलैला एकाच दिवशी नवं औद्योगिक धोरण आणि अर्थसंकल्प. १८ उद्योग सोडले तर बाकीच्यांना लायसन्सची गरज उरली नाही. आज पोरांना सांगितलं तर हसतात, पण आधी कारखान्याने ठरल्यापेक्षा जास्त माल काढला तर तो गुन्हा धरला जायचा. जास्त माल काढणं हा गुन्हा!

पहिली काही वर्षं आमची फरफट झाली. बाहेरून माल येऊ लागला, मोठ्या गिऱ्हाइकांना मायक्रॉनमध्ये टॉलरन्स हवा झाला, आणि आमची जुनी लेथ तर हाताच्या अंदाजावर चालायची. माझ्या शेजारचा शेड बंद पडला. तो मालक माझ्यापेक्षा चांगला कारागीर होता. मी कर्ज काढून संगणकावर चालणारं सीएनसी मशीन घेतलं, तरलो, आज चौदा पोरं कामाला आहेत.

म्हणजे त्याच जुलैने शेजाऱ्याचं शटर खाली आणलं आणि माझं वर नेलं. मी आभार मानतो, पण शेजाऱ्याच्या घरी जाऊन मानणार नाही.

---

कडू_कारलं | २८ डिसेंबर, रात्री १०:५२

माणूस गेला की लगेच थोर होतो, हा आपला राष्ट्रीय छंद. वैयक्तिकरीत्या स्वच्छ होते, मान्य. पण पंतप्रधानाने स्वतः पैसे खाल्ले नाहीत एवढ्यावर पास करायचं का? २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पेक्ट्रमचे १२२ परवाने रद्द केले. २०१४ मध्ये २१४ कोळसा खाणींचं वाटप रद्द झालं. त्यातला काही काळ कोळसा खातं स्वतः त्यांच्याकडेच होतं. आणि २०१३ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेला, दोषी ठरलेल्या खासदार-आमदारांचं पद वाचवणारा अध्यादेश त्यांच्याच पक्षाच्या उपाध्यक्षाने भर पत्रकार परिषदेत फाडून फेकायच्या लायकीचा ठरवला, तेव्हा हे परदेशात. परत येऊन राजीनामा दिला असता तर मीही आज फुलं वाहिली असती.

माहिती अधिकाराचं एवढं कौतुक चाललंय म्हणून आठवण करून देतो. २००६ मध्ये फाइलवरचे शेरे या कायद्यातून वगळायचा घाट याच सरकारने घातला होता. अण्णा आळंदीला उपोषणाला बसले तेव्हा माघार घेतली. ओसरीताई, तो बदल झाला असता तर कोणत्या बाबूने फाइलवर काय खरडलं ते तुमच्या आईला कधी कळलं नसतं.

---

ओसरी | २८ डिसेंबर, रात्री ११:२०

@कडू_कारलं, आळंदीचा मुद्दा बरोबर आहे आणि तो इथे यायलाच हवा होता. अध्यादेशाच्या वेळी राजीनामा द्यायला हवा होता, असं भाऊही म्हणतो. पण भाऊच परवा आईजवळ मुकाट्याने बसून राहिला.

आभार मानले म्हणजे सगळी खाती बंद केली असं नसतं ना. दुकानदाराने एकदा अडीनडीला उधार दिलं म्हणून त्याचं वजनमाप बघायचं आपण सोडत नाही.

---

चौकट_राजा | २८ डिसेंबर, रात्री ११:३१

स्पेक्ट्रम खटल्यात विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सोडले, तेही लिहा की.

---

कडू_कारलं | २८ डिसेंबर, रात्री ११:३८

लिहिलं. परवाने रद्दच राहिले, हेही लिहा.

---

संपादक | २९ डिसेंबर, सकाळी ७:०५

दोघांचंही लिहून झालंय. खटल्यांसाठी वेगळा धागा काढावा. इथे मूळ विषयावर राहू या.

---

पांढरं_सोनं | २९ डिसेंबर, सकाळी ११:४८

राजेहो, आमच्याकडलंबी ऐका. मी यवतमाळ जिल्ह्यातला.

२००६ च्या जून-जुलैत ते विदर्भात आले. तेव्हा रोज पेपरात आत्महत्येची बातमी असायची आणि वाचणारेही निबर झाले होते. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा. त्या पॅकेजातून काही लोकांना दुभत्या गाई मिळाल्या. कोरडवाहू कापसाच्या गावात संकरित गाय! ढेप कोण आणणार, हिरवा चारा कुठला? आमच्या गावात एकाने महिनाभर सांभाळली आणि सासुरवाडीला नेऊन बांधली. दिल्लीत बसून ठरवलं की असं होतं.

२००८ च्या कर्जमाफीचं तर विचारूच नका. दोन हेक्टरपर्यंत म्हणजे पाच एकरांपर्यंत पूर्ण माफी. त्यावर जमीन असली तर २५ टक्के सूट, तीही उरलेले भरले तर. ते भरायला पैसे असते तर थकलो असतो कशाला? ओलिताच्या चार एकरवाल्याचं सगळं माफ, आणि आमच्या बापाचे सात एकर बरड, तर आम्ही मोठे शेतकरी! शरद पवार कृषिमंत्री, महाराष्ट्राचा माणूस, त्यांना तरी विदर्भाची कोरडवाहू शेती ठाऊक असायला हवी होती.

एवढं असून मी या धाग्यावर का आलो? तर आमच्या शेतात विहीर आहे, ती रोजगार हमीतली. खणायला गावातलीच माणसं होती, मजुरी त्यांच्या खात्यात. पहिल्या उन्हाळ्यात पाणी बेताचं लागलं, पण हरभरा निघाला. कापूस सोडून दुसरं पीक बापाने आयुष्यात पहिल्यांदा विकलं. त्या हरभऱ्याच्या पैशात माझी आयटीआयची फी भरली.

बाप आज नाही. असता तर त्याने शिव्या आधी दिल्या असत्या आणि मग टोपी काढली असती.

---

दप्तरी | २९ डिसेंबर, दुपारी ३:२६

@पांढरं_सोनं, उत्तम प्रतिसाद. एक भर घालतो: रोजगार हमी मुळात आपली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ती राबवली, १९७७ मध्ये कायदा केला. मागची कल्पना वि. स. पागे यांची. दिल्लीला तीच गोष्ट देशभर न्यायला २००५ उजाडलं. पागे आज किती जणांना माहीत आहेत?

मी बँकेतून निवृत्त झालो. सिंगसाहेब १९८२ ते १९८५ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, म्हणजे आम्ही काउंटरवर रोज त्यांचीच सही मोजायचो. पंतप्रधान झाले तेव्हा आमचा रोखपाल ऐटीत म्हणाला होता, "या माणसाचा शब्द मी तीन वर्षं हातोहात वटवलाय." नोटेवर 'मैं धारक को' असं वचन असतं, त्यावरून.

आता सोन्याबद्दल, कारण कालपासून व्हॉट्सअ‍ॅपवर वाट्टेल ते फिरतंय. १९९१ च्या मध्याला परकीय गंगाजळी अशी होती की दोन-तीन आठवड्यांची आयात भागली असती, बस्स. मे महिन्यात २० टन सोनं स्वित्झर्लंडला गेलं, ते आधीच्या चंद्रशेखर सरकारच्या काळात. जुलैत सुमारे ४७ टन गहाण पडलं, तेव्हा नरसिंह राव पंतप्रधान आणि सिंग अर्थमंत्री. दोन व्यवहार, दोन सरकारं. आपल्याकडे सोनं गहाण टाकणं म्हणजे काय ते सांगायला नको. शाखेत एक म्हाताऱ्या बाई मला विचारून गेल्या होत्या, "साहेब, आमचे लॉकर उघडणार का हो?"

पुढची बाजू कुणी सांगत नाही. २००९ मध्ये, हेच पंतप्रधान असताना, रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनं रोखीने विकत घेतलं. बातमी वाचून मी त्या बाईंना शोधायला निघालो असतो, पण त्या तेव्हा हयात नव्हत्या.

शेवटचं. १९९१ चे आभार मानताना एकट्या सिंगांवर थांबू नका. नरसिंह राव पाठीशी उभे नसते तर हे अर्थमंत्री पहिल्या महिन्यातच घरी गेले असते. राव रामटेकमधून दोनदा लोकसभेवर निवडून गेलेले, मराठी सफाईने बोलणारे. २००४ च्या २३ डिसेंबरला ते गेले तेव्हा दिल्लीत त्यांच्यावर अंत्यसंस्कारसुद्धा झाले नाहीत, हैदराबादला नेलं. सिंगांच्या स्मारकाच्या जागेवरून आज जे बोलताहेत त्यांना हे आठवतंय का, एवढंच विचारायचं होतं.

---

टर्नर_फिटर | २९ डिसेंबर, दुपारी ४:०२

+१ दप्तरीकाका. रोखपालाचं वाक्य जबरी!

---

गोदाकाठ | २९ डिसेंबर, सायंकाळी ७:३७

मी नांदेडचा. आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून एक शीख कुटुंब राहतं, तीन पिढ्या नांदेडातच. आजोबांना सगळी गल्ली भाईजी म्हणते. मराठी आमच्यापेक्षा ठसठशीत बोलतात.

२००४ मध्ये शपथविधीच्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पहिला शीख पंतप्रधान. पण ऑगस्ट २००५ मध्ये नानावटी आयोगाच्या अहवालावर बोलताना मनमोहन सिंगांनी १९८४ च्या शीखविरोधी दंगलींबद्दल संसदेत माफी मागितली, नुसती शीख समाजाची नाही तर साऱ्या देशाची, शरमेने मान खाली घालतो म्हणाले, तेव्हा भाईजी खूश झाले असतील असं मला वाटलं होतं. त्यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "माफी मागायचं कामसुद्धा आमच्याच माणसाच्या वाट्याला आलं."

काल त्यांना भेटायला गेलो. वय झालंय, ऐकू कमी येतं. मी पाया पडलो तर म्हणाले, "मला कशाला, मी काय त्याचा भाऊ आहे?" मग थोड्या वेळाने स्वतःच सुरू झाले. त्यांचे वडील फाळणीत पश्चिम पंजाबातून आलेले. सिंगांचं गाह गावही आता पाकिस्तानात. "सगळं गाव मागं टाकून आलेल्या पोरानं इथल्या लोकांवर राग धरला नाही," म्हणाले. "मी धरला. बरीच वर्षं."

यावर मी काय बोलणार? चहा घेऊन आलो.

---

पासवर्ड_विसरलो | ३० डिसेंबर, दुपारी १२:१०

मी २००३ चा. मला ते आठवतात ते मीम्समधले. शुक्रवारी मेलबर्नच्या कसोटीत आपले खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून उतरले, तेव्हा रूममेटने विचारलं की कोण गेलं. हा धागा वाचून आमच्यात बराच वाद झाला. ते १९९१ चं भाषण पूर्ण कुठे मिळेल? क्लिप नको, सगळं हवंय.

---

दप्तरी | ३० डिसेंबर, दुपारी १:४४

अर्थसंकल्पाच्या सरकारी संकेतस्थळावर जुनी सगळी भाषणं आहेत. इंग्रजीत आहे आणि लांबलचक आहे. करांचा भाग गाळलास तरी चालेल.

---

पासवर्ड_विसरलो | ३१ डिसेंबर, मध्यरात्री १:५०

वाचलं. मला वाटलं होतं आकड्यांनी सुरुवात असेल. सुरुवातीलाच ते म्हणतात की उभं राहताना विलक्षण एकटेपणा जाणवतोय, भाषण मन लावून ऐकणारा एक हसरा चेहरा आज समोर नाही. राजीव गांधींबद्दल. त्यांच्या हत्येला तेव्हा दोनच महिने झाले होते. देश दिवाळखोरीच्या दारात, हातात एवढं मोठं भाषण, आणि हा माणूस आधी सांगतो की मला कुणाची तरी उणीव भासतेय.

अर्थमंत्री असतानाच्या दुसऱ्या एका अर्थसंकल्पी भाषणातला उतारा मित्राने पाठवला. त्यात स्वतःबद्दल बोललेत. कायम दुष्काळी गावात गरीब घरात जन्म, शिष्यवृत्त्यांवर इथलं आणि इंग्लंडमधलं शिक्षण, आणि या देशाचं ऋण आपल्याला कधीच पुरतं फेडता येणार नाही. ओसरीताई, तुम्ही विचारलं होतं ना, आईने आभार कुणाचे मानायचे? यांनाही तोच प्रश्न पडलेला दिसतो. यांनी सरळ देशाचे मानले.

मीही शिष्यवृत्तीवर शिकतोय. उरलेलं उद्या वाचतो.

---

कडू_कारलं | ३१ डिसेंबर, सकाळी ९:१५

@पासवर्ड_विसरलो, शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का? नसेल तर त्यावरही माहितीचा अर्ज टाक. मुद्दे मी काढून देतो. माझं त्या माणसाशी भांडण आहे, कायद्याशी नाही.

---

मोगरा | ३१ डिसेंबर, सकाळी ११:३०

बरेच दिवस नुसती वाचक होते, या धाग्यासाठी खातं उघडलं. माझ्या सासूबाईंचं अगदी ओसरीताईंच्या आईसारखं झालंय. सासरे मार्चमध्ये गेले, सेवापुस्तक 'सापडत नाही' म्हणतात. तो अर्ज आता कसा करायचा? काकांनी लिहिलेला मजकूर मिळेल का?

---

ओसरी | ३१ डिसेंबर, दुपारी १२:०५

मोगरा, आईने प्रत जपून ठेवली आहे. संध्याकाळी फोटो काढून व्यनि (खाजगी निरोप) करते. तोवर हे करून ठेवा.

अर्ज खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. आता राज्याच्या पोर्टलवरून ऑनलाइनही करता येतो, पण आई म्हणते हाताने द्या आणि पोच घ्या. पोचेवर शिक्का आणि तारीख दोन्ही हवं, नुसती सही घेऊन येऊ नका. दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयावर. पेन्शन आणि रजेचे पैसे एकाच अर्जात घालू नका. 'का दिलं नाही' असं विचारू नका, त्याला 'कारण विचारणं माहितीत बसत नाही' असं उत्तर येतं. विचारायचं ते असं: सेवापुस्तक शेवटचं कोणत्या तारखेला, कोणाच्या ताब्यात होतं, त्या नोंदवहीच्या पानाची प्रत द्यावी. गहाळ असेल तर त्याबाबत काय कारवाई झाली, त्या कागदाची प्रत द्यावी.

३० दिवसांत काही आलं नाही तर प्रथम अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर अर्जाला फी नाही, कार्डाची झेरॉक्स जोडा.

सासूबाई स्वतः जाणार असतील तर सोबत कुणीतरी जा. आणि पाण्याची बाटली न्या.